वेर्जियोच्या खिंडीतला दसरा

आज सकाळी बाईक धुतली ती पूजेसाठी नव्हे, गिऱ्हाइकासाठी. आणि तेही दसऱ्याच्या दिवशी! अकरा वाजता एक माणूस बघायला येणार, पसंत पडली तर घेऊन जाणार, हे आमच्या चिरंजीवांनी तिकडे वॉनमध्ये स्वतःच्या घरी बसून ठरवलं आणि काल संध्याकाळी साडेपाच तास गाडी चालवून लव्हालला येऊन हजर झाले. "आई, तू फक्त गॅरेजचं दार उघड, बाकीचं मी डील करतो." म्हटलं, कर बाबा. बापाला आधाराशिवाय उभं राहता येत नाही, आईला साठ पूर्ण झाली, बाईक ठेवून करायचंय काय, असा निखिलचा सवाल. सवालात चूक काही नाही, वैताग त्याचाच आहे.

धुवायचं निमित्त काढून एकटीच गॅरेजमध्ये गेले. बादलीत कोमट पाणी, हातात ह्यांचा जुना बनियन. ड्राइव्ह-वेवर मेपलची पानं भिजून चिकटली होती, त्यांचा गोडसर, कुजकट वास येत होता. ऑक्टोबरात लव्हालला सगळीकडे हाच वास, आणि त्यात कुणाच्या तरी चिमणीचा धूर. पुढच्या मडगार्डचा पत्रा जिथं वळतो त्या खाचेत एक लाल रेघ दिसली. कैक दसऱ्यांचं कुंकू. जुन्या टूथब्रशनं घासलं तर निघायचं नाव नाही. थोडं सुटलं आणि पाण्याबरोबर माझ्या बोटांवरून ओघळलं, लाल, पातळ. ते बघून मला एकदम हसू फुटलं, कारण असंच ओघळलेलं कुंकू एकदा आम्हाला पोलिसांच्या हाती देऊन मोकळं झालं होतं. टूथब्रश दिला फेकून. गिऱ्हाइकाला काय बघायचं ते बघू दे.

ती गोष्ट कॉर्सिकातली. पण त्याच्या आधीची पस्तीस वर्षं सांगितल्याशिवाय ती कळायची नाही.

लग्न झाल्यापासून मी मागच्या सीटवर. साताऱ्यात ह्यांची स्कूटर होती. एका बाजूला पाय टाकून बसायचं, एका हातात पदर, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी, आणि तोल देवाच्या हवाली. घाटाच्या चढावर स्कूटर दमली की ह्यांनी नुसती मान वळवायची. मी उतरायची, चालत वर जायची, पुन्हा बसायची. ओल्या कातळाचा वास, स्कूटरचा निळा धूर, ह्यांच्या शर्टाला येणारा कपड्याच्या साबणाचा वास. जग म्हणून जे काही बघितलं ते ह्यांच्या डाव्या खांद्यावरून. मग कॅनडात आलो, फ्रेंच बोलणाऱ्या क्वेबेकमध्ये, या लव्हालला. पंचवीस वर्षं नोकऱ्या, बर्फ, तो शोव्हलनं उपसा, वितळायला मीठ टाका, मुलाला हॉकीला सोडा. साठी जवळ आल्यावर ह्यांनी एक दिवस जुनी टूरिंग बाईक आणून दारात उभी केली. मी हेल्मेट चढवलं आणि मागे जाऊन बसले. कुणी विचारलंही नाही आणि मी बोललेही नाही.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात मला तो डावा खांदा पुरे झाला. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. मोठं रिकामं पार्किंग, भगव्या रंगाचे प्लास्टिकचे शंकू, तापलेल्या डांबराचा वास, आणि शिकवायला जिनेट नावाची बाई, सिगारेटनं घोगरा झालेला आवाज. "चाकाकडे बघू नका मदाम, लांब बघा!" असं दिवसभर ओरडायची. तीनदा पडले. चौथ्यांदा पडले तेव्हा जिनेटनं हात दिला नाही, लांब उभी राहून बघत बसली, आणि मी दोन शिव्या मराठीत घालून बाईक एकटीनं उचलली. त्या संध्याकाळी घरी येऊन पिठलं केलं तर कालथा धरवेना, पण लायसन्स मिळालं.

मंडळाच्या गणपतीत बातमी पोचायला किती वेळ? शिरोडकर वहिनी प्रसादाचा द्रोण हातात घेऊन माझ्यापाशी आल्या. "अगं, आपले गुडघे बघ! शोभतं का या वयात?" मी म्हटलं, "वहिनी, गुडघे दिसत नाहीत. पँट घालूनच चालवायची असते." त्या दिवसापासून त्या माझ्याशी फक्त हवामानावर बोलू लागल्या. ह्यांनी मला नको म्हटलं नाही, पण बाईकची किल्लीही दिली नाही. "जड आहे गं, तुला झेपायची नाही," एवढंच. अधूनमधून जिनेटची छोटी बाईक मागून आणायची आणि नदीकाठानं एक फेरी मारायची, तेवढीच माझी चैन. बाकी वेळ ते लायसन्स लॉकरमधल्या दागिन्यासारखं पर्समध्ये पडून होतं.

दोन हजार आठमध्ये हे रिटायर झाले आणि आम्ही कॉर्सिकाला गेलो. भूमध्य समुद्रातलं बेट, राज्य फ्रान्सचं, पण माणसं फ्रान्सला जुमानत नाहीत. रस्त्यावरच्या पाट्यांवर गावाचं नाव दोन भाषांत, आणि फ्रेंच नावावर जिथं तिथं काळा रंग फासलेला. मला ते बेट बघताक्षणी आवडलं. सकाळी बोट बास्तिया बंदराला लागायच्या आधीच वाऱ्यावर एक वास आला, उन्हात वाळलेल्या झुडपांचा, कडवट, तेलकट, मधूनच आपल्या निरगुडीची आठवण करून देणारा. हे म्हणाले, "घाटात आलो बघ." भाड्याच्या बाईकच्या दुकानात फॉर्म भरला, त्यात चालवणाऱ्यांच्या नावासाठी दोन ओळी होत्या. मी दुसऱ्या ओळीत माझं नाव घातलं. "कशाला?" हे म्हणाले. "ओळ रिकामी दिसत होती म्हणून," मी म्हटलं.

नवरात्र चालू होतं. डाव्या हाताला समुद्र, उजवीकडे डोंगर, मध्ये एक बाईक जेमतेम आणि समोरून बस आली तर रामनाम. कड्याच्या बाजूला कठडा म्हणजे गुडघाभर उंचीचे दगड. उत्तरेच्या टोकाला वारा असा की हेल्मेटमध्ये शिट्ट्या वाजायच्या. पियानाजवळ लाल खडकांतून रस्ता जातो, संध्याकाळचं ऊन त्यावर पडलं की खडक, रस्ता, आमचे हात, सगळं तांबडं. वाटेत झाडाखाली पडलेले अंजीर. चर्चच्या घंटा. गाईच्या गळ्यातल्या घंटा. हे सगळं मी बघत होते, पुन्हा डाव्या खांद्यावरूनच.

आणखी एक गोष्ट बघत होते. सकाळी कॉफीचा कप बशीत ठेवताना ह्यांच्या हातात तो वाजायचा. "थंडीनं," हे म्हणायचे. अंगावर हाफ शर्ट आणि थंडी कसली! मी जन्मभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम केलेली बाई. मला कळत होतं. मला ते कळून घ्यायचं नव्हतं, म्हणून मी तिसरा चमचा साखर घालायची आणि विषय बदलायची.

दसरा आला तेव्हा आम्ही पोर्तो नावाच्या गावात होतो. आता बाईक भाड्याची असली म्हणून काय झालं, दसऱ्याला वाहनाची पूजा नको? झेंडू कुठला मिळायला! कड्यावर एक वाळलेलं पिवळं फूल उगवतं, वास थेट आमटीच्या मसाल्याचा. त्याचीच माळ ओवून हँडलला बांधली. हे हेडलाइटवर स्वस्तिक काढायला वाकले तसा मी त्यांचा हात धरला. "अहो, युरोपात आहोत! जेलमध्ये जायचंय का?" मग पाच बोटं ओढायची ठरली. ह्यांनी कुंकवाची डबी उघडली आणि हात असा काही हलला की सगळी डबी मडगार्डवर उपडी. "असू दे, शुभ असतं," मी म्हटलं आणि घाईघाईनं बोटानं पसरवून टाकलं. नंबरप्लेटलाही लागलं.

तिथून चढ सुरू होतो. समुद्रापासून वर, दरीच्या कडेकडेनं, थेट वेर्जियोच्या खिंडीपर्यंत, त्या बेटावरचा सर्वांत उंच रस्ता. दसऱ्याला सीमा ओलांडायची तर खिंडीसारखी सीमा नाही, असा ह्यांचा बेत. वाटेत चेस्टनटची जंगलं आणि रस्ताभर मोकाट डुकरं, काळी, ठिपक्यांची, आपल्याच घरच्या अंगणात असल्यासारखी निवांत. एविसा गावाच्या अलीकडे झिमझिम पाऊस लागला आणि एका वळणावर दोन पोलिसांनी हात केला.

त्यातला थोरला पोलीस बाईकभोवती फिरला. मडगार्डवरून लाल ओघळ टायरवर आले होते आणि टायरवरून रस्त्यावर. त्यानं बोट लावलं, वास घेतला. "काय उडवलंत? डुक्कर? का माणूस?"

मी पुढे झाले. माझं फ्रेंच लव्हालच्या ग्रोसरीच्या रांगेत शिकलेलं, ते ऐकून त्याच्या मिशा हलल्या. "मदाम क्वेबेकच्या वाटतं?" "लव्हाल!" मी म्हटलं. "आणि हे रक्त नाही, पूजा आहे. आज आम्ही बाईकचे आभार मानतो." त्यानं गंभीर तोंडानं मान डोलावली. "मग बाईक काय म्हणाली?" धाकटा पोलीस पाठ फिरवून हसत होता. मीही हसले. तेवढ्यात थोरल्यानं ह्यांच्याकडे लायसन्स मागितलं.

ह्यांनी ते काढून पुढे धरलं आणि ते कार्ड पावसात थरथरत राहिलं. पोलिसानं कार्ड घेतलंच नाही. तो हाताकडे बघत होता. "मस्यूंना थंडी वाजतेय?" "हो, थंडी," हे म्हणाले. "नाही," तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "माझ्या वडिलांचे हात असेच होते. पुढे तुम्ही चालवायची नाही. मी गावातून टॅक्सी बोलावतो, बाईक इथंच राहील."

पस्तीस वर्षांत ह्यांचा चेहरा इतका लहान झालेला मी पाहिला नव्हता. हेल्मेटवर पाऊस टपटपत होता, डुकरं चेस्टनट फोडत होती, आणि हे त्या दोन परक्या माणसांसमोर हात खिशात लपवून उभे होते. मला राग आला. पोलिसाचा नव्हे, त्या थरथरीचा. काल-परवा आलेली ती, आणि माझ्या नवऱ्याला रस्त्याच्या कडेला उतरवणार? पर्स उघडली, लायसन्स काढलं. "टॅक्सी नको. मी चालवते."

"अगं, तुला झेपायची नाही," हे मराठीत म्हणाले. पोलिसानं बाईकच्या भाड्याचा फॉर्म मागून घेतला, दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि कार्ड परत देताना बाजूला सरकून म्हणाला, "चला, मदाम."

पहिले शंभर मीटर मी श्वास घेतला की नाही आठवत नाही. मागे बसून हात कुठं ठेवायचे हे ह्यांना माहीतच नव्हतं. आधी सीटच्या मागची दांडी धरली, मग माझं जॅकेट, आणि दुसऱ्या वळणाला घाबरून माझी कंबर. चेस्टनटच्या काटेरी बोंडांवरून चाक गेलं की कडकड आवाज व्हायचा. मग चेस्टनट संपले आणि पाइनचं जंगल लागलं, ओल्या राळेचा वास, सरळ उंच खोडं, फांद्यांमध्ये अडकलेलं धुकं. मागून सारखं, "गिअर! गिअर टाक! डुक्कर, अगं डुक्कर!" शेवटी मी ओरडले, "गप्प बसा हो! दिसतंय मला!" त्या जंगलात माझा आवाज घुमला आणि हे खरंच गप्प बसले. मला सगळं दिसत होतं, दोन्ही बाजूचं, मध्ये कुणाचाही खांदा नव्हता. रडू येत होतं, आणि मजाही येत होती, आणि दोन्ही एकदम येतं याची मला लाज वाटली नाही.

खिंडीत ढग उतरले होते. दगडाचा एक मोठा पुतळा, बोचरा वारा, या अंगाला आम्ही आलो तो समुद्राकडचा उतार आणि त्या अंगाला दुसरं खोरं. बाईक स्टँडला लावली. ह्यांनी खाली पडलेली दोन चेस्टनटची पानं खिशात घालून आणली होती, जंगलात कधी उचलली कोण जाणे. एक माझ्या हातात दिलं. "सोनं घे." मी वाकून नमस्कार केला तर म्हणाले, "आज राहू दे." मग खोऱ्याकडे वळले.

"मागून छान दिसतं गं सगळं," हे म्हणाले. "तू कधी बोलली नाहीस."

"पुढून जास्त छान दिसतं," मी म्हटलं. "तुम्ही कधी बोलला नाहीत."

लव्हालला परतल्यावर डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. आम्ही दोघांनीही ते आधीच ओळखलं होतं. पुढच्या वसंतात मी आमची बाईक बाहेर काढली, ह्यांना मागे बसवलं आणि सुटले. सेंट लॉरेन्स नदीच्या काठानं गास्पेपर्यंत गेलो, तिथं समुद्राला खारवलेल्या माशांचा वास आणि ह्यांची गोळ्यांची डबी माझ्या टाकीवरच्या पिशवीत. निखिल फोनवर ओरडायचा, डॉक्टर भुवया उंचवायचे. माझं उत्तर तयार असायचं. "त्यांच्यासाठी चालवते. त्यांचं मन रमतं." या उत्तरापुढे कुणाची टाप? नवऱ्याच्या सेवेसाठी बायकोनं काहीही केलं तरी चालतं, बाईकसुद्धा! शिरोडकर वहिनी मंडळात माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "धन्य आहे बाई तुझी." आणि मी मान खाली घालून ते पुण्य पदरात पाडून घेतलं.

या जुलैमध्ये बाईकवर चढताना हे ड्राइव्ह-वेवर पडले. खरचटण्यावर निभावलं. पण त्या दिवसापासून मागची सीट बंद झाली, आणि सीट बंद झाली तशी माझी सबबही गेली. तीन महिने मी बाईकला हात लावला नाही. हातपाय माझे धड आहेत, लायसन्स माझ्या नावावर आहे, आणि तरी एकटी निघायचं धाडस होईना. आपल्या हौसेसाठी म्हणून? साठाव्या वर्षी, नवरा घरात खुर्चीला खिळलेला असताना? कॉर्सिकाच्या पोलिसापुढे तोरा मिरवणारी बाई स्वतःच्या गॅरेजसमोर शेपूट घालून बसली. म्हणून तर निखिलनं गिऱ्हाईक आणलं तेव्हा मी "कर बाबा" म्हणाले.

अकराला तो गृहस्थ आला. छपरांची कामं करणारा, रुंद, अघळपघळ, बरोबर बायको. ह्यांनाही निखिलनं खुर्चीसकट गॅरेजच्या दारात आणून बसवलं होतं, पायावर शाल. गृहस्थानं खाली वाकून चेन बघितली, टायर बघितले, बाईक सुरू केली. तीन महिन्यांनी तो आवाज गॅरेजच्या भिंतींवर आदळला. त्याची बायको मागच्या सीटवर चढून बसून बघत होती.

"इतकी चांगली ठेवलीत," तो म्हणाला, "मग विकता का?"

निखिलनं उत्तर दिलं. "ती बाबांसाठी होती. आता ते बसू शकत नाहीत."

मी मान डोलावणार होते.

"खोटं," खुर्चीतून आवाज आला. ह्यांचा आवाज हल्ली इतका बारीक झालाय की निखिलनं बाईक बंद केली. "काय बाबा?"

"माझ्यासाठी नव्हती." एकेक शब्द वेचून काढल्यासारखं हे बोलत होते. "माझी पाठ... तीन वर्षं मोडलीय हिच्या मागे बसून. हिला चालवायची होती. म्हणून बसलो."

कुणी तोंडात मारावी तशी मी उभी. "अहो! मग बोलायचं नाही का? मी तुमच्यासाठी..."

"तू माझ्या नावावर चालवत होतीस. मी म्हटलं, चालव." ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, आता चेहऱ्यावर यायला त्याला वेळ लागतो. "माझं नाव झालं वापरून. आता तुझ्या नावावर चालव."

मला तिथंच हुंदका आला, सगळ्यांसमोर. ज्याची सेवा करते म्हणून गावभर मिरवले, त्या माणसानं तीन वर्षं पाठीत कळा सोसून माझी हौस पुरवली होती. आणि मी त्याचं नाव सांगून पुण्य गोळा करत होते! नाक पुसलं, गृहस्थाकडे वळले. "मस्यू, माफ करा. बाईक विकायची नाही."

"आई!" निखिल म्हणाला. "धिस इज इन्सेन. एकटी जाणार तू? ॲट सिक्स्टी?"

"हो. आणि तू घरी थांबणार. बाबांची गोळी एक वाजता, जेवणाच्या आधी. आमटी फ्रीजमध्ये आहे, नीट गरम कर."

गृहस्थ भला निघाला, चिडला नाही. त्याची बायको सीटवरून उतरता उतरता मला विचारत होती, "मदाम, तुम्ही कितव्या वर्षी शिकलात?" "चोपन्नाव्या." तिनं वळून नवऱ्याकडे असं काही पाहिलं की त्यानं टोपी डोक्यावरून काढली आणि पुन्हा घातली.

मी जॅकेट चढवलं आणि निघाले. लव्हाल म्हणजे बेट, कुठंही जायचं तर पूल ओलांडावा लागतो. उत्तरेचा पूल ओलांडला, आणि पुढे लॉरेंशियनच्या डोंगरांत घुसले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मेपल लाल, बर्च पिवळे, वळणांवर पानांचा चिखल, तळ्यांवरून येणारा गार वारा. मागे वजन नव्हतं, तर बाईक वळणाला झटकन आडवी व्हायची. ह्यांची आठवण आली का? आली, दर मैलाला आली. वाईट वाटलं का? वाटलं. आणि तरी हेल्मेटच्या आत मी पोटभर ओरडत होते. खोटं कशाला बोलू.

दोन तासांत येते म्हणून सांगून गेले होते. पाच लावले. दिवस मावळायच्या आत आले, एवढंच.

निखिल ड्राइव्ह-वेवर उभा, फोन हातात, कपाळाला आठ्या. "व्हेअर वेअर यू? वी वेअर सो वरीड! एकटीनं इतक्या लांब, पण का, आई?"

का, असं मला जन्मभर कुणी ना कुणी विचारत आलं, आणि मी दर वेळी दुसऱ्या कुणाचं तरी नाव सांगत आले. हेल्मेट काढलं, केस सारखे केले.

"मला आवडतं म्हणून," मी म्हटलं. "उद्याही जाणार आहे."